आठव्या दुकानातून एकही तक्रार नाही

एक

चषक घ्यायला कुणी उठलंच नाही.

कंपनीची सभा नेहमी गोदामात भरायची. गोदाम गाद्यांचं. त्यामुळे सभेला आलेला माणूस खुर्चीवर नाही, गादीवर बसायचा, आणि साहेबांचं भाषण रंगात येईस्तोवर अर्धा आडवा झालेला असायचा. कंपनीच्या आजवरच्या इतिहासात एकही ठराव विरोधाने पडला नव्हता, त्याचं कारण एवढंच.

त्या सकाळीही उंच खिडक्यांतून दुधासारखा उजेड खाली सांडत होता, त्यात कापसाचे कण पोहत होते, आणि कपाळाला पट्टी लावलेले साहेब झोपेतून बोलावं तसं सावकाश वाचत होते, "या हंगामातलं उत्कृष्ट दुकान. आलेला सगळा माल विकला. एक नग परत आला नाही. एकही तक्रार नाही. दुकान क्रमांक आठ!"

टाळ्या पडल्या. गादीवर बसून वाजवलेल्या टाळ्या मऊ पडतात. मग त्याही विरल्या. सात दुकानांचे सात व्यवस्थापक एकमेकांकडे बघायला लागले, लग्नात नवऱ्या मुलाचं नाव चुकल्यावर वऱ्हाडी बघतात तसे.

कंपनीची दुकानं सातच होती.

"कुठाय आठवं?" साहेबांनी चषक काखेत मारून विचारलं.

"वहिनीला ठाऊक," मागच्या गादीवरून कुणीतरी पुटपुटलं.

वहिनी म्हणजे कुणी बाई नव्हे. खरेदी, गोदाम, विक्री, पावत्या, पगार, रजा, असा कंपनीचा सगळा कारभार एका ठिकाणी सांभाळणारी ती संगणकप्रणाली होती. तिचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते कुणालाच नीट उच्चारता येत नसे. पण ज्या घरात सगळ्या किल्ल्या एकीच्याच कमरेला असतात, तिथे तिला काय म्हणायचं हे शिकवावं लागत नाही. मग वहिनीची देखभाल करायला ठेवलेला तरुण आपोआप 'भाऊजी' झाला. त्याला हे आवडत नसे. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

भाऊजीने मांडीवरचा संगणक उघडला. "आहे," तो म्हणाला. "आठ नंबर आहे. माल गेलाय. सगळ्या पाठराखिणी."

गोदाम जागं झालं. 'पाठराखीण' ही कंपनीची सगळ्यांत महागडी गादी. चार बोटं जाड, पण पाठीला म्हणे आईचा हात फिरल्यासारखं वाटतं. कंपनीतल्या लोकांना ती फक्त उचलायला मिळायची.

"पत्ता दाखव!" साहेब ओरडले.

भाऊजीने घाबरून एक बटण दाबलं. मग त्याहून घाबरून दुसरं दाबलं.

"आता नाहीये," तो म्हणाला.

"काय नाहीये?"

"आठ नंबर. म्हणजे, जे दुकान नाहीच ते वहिनीत कसं, असं वाटलं, म्हणून काढून टाकलं. पत्ता, पावत्या, सगळ्यासकट."

गाद्यांच्या गोदामातली शांतता साध्या शांततेपेक्षा जाड असते.

"आणि माल?" साहेबांचा आवाज बारीक झाला. "माल दिला कुणी?"

गोदामाच्या दारापाशी उभे असलेले मामा पुढे आले. गोदाम त्यांच्या ताब्यात होतं. त्यांचा अंगठा लागल्याशिवाय उशीचं पीससुद्धा बाहेर जात नसे.

"मी दिला," मामा म्हणाले. "वहिनी म्हणाली, मी दिला."

"नसलेल्या दुकानाला?"

"मला काय ठाऊक साहेब, ते नाहीये म्हणून."

"म्हणजे गोदामात मी चोर पाळला होता." साहेबांनी हे सगळ्यांदेखत, खणखणीत आवाजात म्हटलं. "उद्या दुपारी पोलिसांना बोलावतो. तोवर गाद्या आणा, नाहीतर कपडे बांधून तयार राहा."

पुढच्या गादीवरून तक्रारताई उठली. ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घेण्याच्या खिडकीत ती बसायची, म्हणून तक्रारताई. मामा हे सगळ्या कंपनीचे मामा असले, तरी तिचे मात्र सख्खे, आईचे धाकटे भाऊ. वडील गेल्यावर तिचं बोट धरून शाळेत सोडायला तेच जायचे.

"साहेब, उद्या दुपारपर्यंत मला वेळ द्या," ती म्हणाली. "माझी तक्रार आहे."

"कसली?"

"आठव्या दुकानातून एकही तक्रार नाही. हीच."

दोन

मामा गोदामाच्या मागच्या पायरीवर बसले होते. डबा उघडाच होता, घास एकही घेतलेला नव्हता.

"उद्या ते आले ना, की तू खिडकीत राहू नकोस," ते म्हणाले. "बाजारात जा, कुठेही जा. तू बघितलेलं मला नको."

"मामा, गप्प बसा आणि जेवा."

"गप्प बसू की जेवू?"

"आळीपाळीने करा."

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरला. ताईने पायरी झटकली आणि शेजारी बसली.

"माझ्याकडे काय काय येतं ऐका," ती म्हणाली. "परवा एक बाई आल्या, म्हणे गादीवर झोपलं की माहेरची स्वप्नं पडतात, सासरची पडणारी द्या. एक गृहस्थ म्हणे, बायको घोरते, गादी बदला. मी म्हटलं, गादी घोरत नाही हो. तर म्हणे, तुम्हाला काय माहीत? एकजण गादी घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी परत आला, म्हणे फारच छान आहे, कामावर जाता येत नाही. मामा, माणूस गादी विकत घेतो आणि तक्रार करत नाही, असं मी आजवर पाहिलेलं नाही."

"मग?"

"मग आठव्या दुकानात माणूसच आला नाही. गाद्या विकल्या, पण घेतल्या कुणीच नाहीत."

मामांनी अखेर घास तोंडात घातला. विचार करायला काहीतरी चघळावं लागतं.

"मी विचारलं होतं गं," ते म्हणाले. "पूर्वी मी स्वतः फोन करायचो सगळ्या दुकानांना. काय बाबा, किती हव्यात, कधी हव्यात. वहिनी आली आणि फोन बंद झाले. वहिनी सांगेल ते भरायचं. तरी आठ नंबर पहिल्यांदा दिसला तेव्हा साहेबांना म्हटलं, नवीन दुकान उघडलं का? ते फोनमध्ये बघत होते. म्हणाले, वहिनी म्हणते तर उघडलं असेल."

"असं म्हणाले?"

"असंच म्हणाले. आता त्यांना आठवायचं नाही."

"आणि नेल्या कुणी?"

"मौनीने. दुसरं कोण नेणार?" मौनी हा टेम्पो चालवायचा. वर्षातून दोनदा बोलायचा, आणि त्यातलं एक वाक्य हॉर्न असायचं. "पण तो बोलायचा नाही. त्याला विचारण्यापेक्षा टेम्पोला विचार."

तीन

साहेबांच्या खोलीत भाऊजी भिंतीला टेकून उभा होता, भिंतीने आपल्याला आत घ्यावं अशी विनंती केल्यासारखा. साहेब फोनवर होते.

"गवंडी आहेस ना तू? मग मला काय विचारतोस? छत खाली येतंय एवढं मला कळतं. दर आठवड्याला थोडं थोडं. हो, फक्त झोपायच्या खोलीतलं." त्यांनी फोन ठेवला आणि लंगडत येऊन खुर्चीत बसले. "बोला."

"लागलं कसं, साहेब?" ताईने विचारलं.

"पलंगावरून पडलो."

"कपाळ, कोपर आणि घोटा, तिन्ही?"

"मी कुठलंच काम अर्धवट करत नाही." साहेबांनी उसासा टाकला. त्यांचे डोळे टवटवीत होते, पाठ ताठ होती. पट्ट्या सोडल्या तर एवढा विश्रांत माणूस ताईने बघितला नव्हता. "हल्ली स्वप्न पडतं मला. रोज तेच. ढगावर झोपलोय. खाली गावातले दिवे दिसतायत. कूस बदलतो, आणि..." त्यांनी कपाळ चाचपलं. "हे सोड. मामांनी कबूल केलं का?"

"नाही."

"मग मला उगाच जागं कशाला केलंत?"

ते खरोखरच बसल्या बसल्या पेंगत होते. ताई भाऊजीला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली.

"खरं सांग. का काढून टाकलंस?"

"माझ्यावर येईल म्हणून."

"तू केलंयस काही?"

"काहीच नाही! म्हणून तर भीती वाटली. केलं असतं तर तयारी तरी असती." भाऊजी रडकुंडीला आला. "ताई, मी इथे आलो तेव्हा आठ नंबर होताच. मला वाटलं, असेल. नव्या सुनेने माळ्यावरचं सामान कुणाचं असं विचारायचं नसतं."

"बरं. वहिनी माल पाठवते कधी?"

"विकलं की. दुकानात एक नग विकला असं कुणी नोंदवलं, की आठवड्याच्या शेवटी ती तेवढाच माल आपोआप पाठवते. सांगावं लागत नाही."

"विकलाय की नाही, हे बघायला जात नाही?"

"वहिनी कुणावर शंका घेत नाही. तेवढा एकच दोष आहे तिच्यात."

"मग कुणीतरी रोज उठून खोटी विक्री नोंदवत होतं. कुठल्या संगणकावरून?"

"ते होतं की लिहिलेलं!"

"आणि आता?"

"आता नाहीये." भाऊजीने मान खाली घातली, मग एकदम वर केली. "पण वेळ लक्षात आहे माझ्या. जेवणानंतरची. दुपारी. नेमकी ती वेळ, जेव्हा सगळी कंपनी झोपलेली असते."

हे अगदी खरं होतं. त्या वेळी गोदामात, दुकानात, हिशेबाच्या खोलीत, जो जिथे असेल तिथल्या गादीवर डोळा लावायचा. ताई व्हरांड्यातच थांबली. जेवणं आटोपली. आवाज एकेक करून विझत गेले, जसे दिवे विझवावेत. पंखे तेवढे फिरत राहिले.

आणि मग, गोदामाला लागून असलेल्या दुकानातून, कुणाशी तरी बोलणारा एक गोड, हळू आवाज आला.

"या ना, बसा. पाठ नेमकी कुठे दुखते?"

चार

ताई पडद्यांच्या रांगेआड उभी राहून बघत होती. दुकानात पावत्या फाडायला असणाऱ्या पावतीकाकू आपल्या जागेवर बसल्या होत्या. त्यांच्या समोर कुणीही नव्हतं.

"अगंबाई, कधीपासून?" काकू त्या कुणीही-नव्हतंला म्हणाल्या. "सतत वाकून काम म्हटल्यावर होणारच. तुमच्या दादांना, घड्याळजींना, मी नेहमी सांगते, मान वर करून बघत जा कधी. वेळ काय, पळून जातेय? तुम्हाला पाठराखीणच देते." त्यांनी दोन बोटांनी कळा दाबल्या, संगणकाच्या पडद्याकडे बघितलं, पुन्हा दाबल्या. त्यांचा चेहरा पडला. "असं काय करतेस गं वहिनी? दुकान सापडत नाही म्हणजे?"

"काकू," ताई म्हणाली.

काकू दचकल्या आणि मग, पकडल्यावर मुलं करतात तशा, आधी हसल्या आणि लगेच डोळ्यांना पदर लावला.

"माझं दुकान गेलं गं," त्या म्हणाल्या.

"तुमचं? आठवं दुकान तुमचं?"

"ते सरावाचं! वहिनी आली तेव्हा शिकवायला एकजण आला होता ना, टाय लावलेला? त्याने केलं होतं आमच्यासाठी. म्हणाला, सात नंबर खऱ्या दुकानांना राखून ठेवलेत, आठ नंबर सरावाला. यात काहीही करा, कुणाला लागायचं नाही. बाकीचे दोन दिवसांत शिकले. मला काही येईना. चुकीची कळ दाबली आणि कंपनी बंद पडली तर? तो जाताना म्हणाला, काकू, रोज एक विक्री करत जा, भीती जाईल. म्हणून करते. रोज एक."

"तो जाऊन दीड महिना झाला काकू."

"भीती गेलीच नाही, तर थांबू कशी?" काकूंनी नाक पुसलं. मग आवाज आणखी खाली आणला. "आणि नुसतीच पावती कशी फाडायची? गिऱ्हाईक नको समोर? म्हणून मग एक घड्याळजी आणले. मग त्यांची धाकटी बहीण. मग दीपगृहावरचा तो म्हातारा, त्याला रात्री जागायची सवय, दिवसा झोप येत नाही बिचाऱ्याला. सगळी चांगली माणसं गं. कुणी घासाघीस केली नाही. कुणी परत आणलं नाही."

"म्हणूनच एकही तक्रार नाही," ताई हळूच म्हणाली.

"कशाला करतील? मी बघून देते ना."

सकाळच्या सभेत काकू नव्हत्या. सगळी कंपनी सभेला गेली तरी पैशाच्या पेटीपाशी कुणीतरी बसावंच लागतं. आठव्या दुकानाने माल लांबवल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, पण ते कुठलं तरी खरंखुरं, वाईट चालीचं आठवं दुकान असावं, असं त्यांनी धरून चाललं होतं. ताईने त्यांना सगळं सांगितलं. वहिनीला सराव आणि संसार यातला फरक कळत नाही, हे सांगितलं. प्रत्येक घड्याळजीमागे एक खरी गादी गोदामातून निघाली, हे सांगितलं.

काकूंनी पैशाच्या पेटीला कुलूप लावलं.

"मी सांगते साहेबांना," त्या म्हणाल्या. "मामांना नको नेऊ देत. मला नेऊ देत."

"तेवढ्याने मामा सुटत नाहीत काकू. साहेब म्हणतील, विक्री खोटी, पण गाद्या तर खऱ्या ना? त्या कुणी खाल्ल्या? गाद्या मिळाल्या पाहिजेत."

"पण ताई," काकूंनी तिचा हात धरला, "माझ्या दुकानाला दारच नव्हतं. मग मौनीने त्या उतरवल्या कुठे?"

पाच

दुसऱ्या दिवशी सकाळी मौनी टेम्पोच्या काचा पुसत होता. काच इतकी स्वच्छ होती की ती आहे की नाही याचा संशय यावा. ताई पुढच्या आसनावर जाऊन बसली. धुकं अजून अंगणात रेंगाळत होतं. त्यात टेम्पो कुठेतरी तरंगत असल्यासारखा वाटत होता.

"आठ नंबरच्या गाद्या कुठे नेत होतास?"

मौनीने काच पुसली.

"फोनवर वहिनी काय दाखवायची?"

"ठिपका," मौनी म्हणाला.

वर्षाचं पहिलं वाक्य झालं. ताईने धीर धरला. "आणि आता तो ठिपका?"

मौनीने डोकं हलवलं. भाऊजीने दुकान काढलं तसा ठिपकाही गेला होता.

"पण तुला रस्ता माहीत आहे."

मौनीने फडकं पिळलं. त्यात पाणी नव्हतं.

"मामांना आज दुपारी नेणार आहेत रे. तुझ्या टेम्पोत रोज गाद्या भरून देणाऱ्या मामांना. तू कुणाला वाचवतोयस?"

"खाल्ल्या मिठाला जागतो ताई," मौनी म्हणाला. "मला नाव विचारू नका. आईची शपथ आहे."

"नाव नाही विचारत. दुसरं विचारते. तिथे गेलास की काय करतोस?"

हे शपथेत बसत नाही, असं मौनीने मनाशी ठरवलेलं दिसलं.

"चपला काढतो. गाद्या आत नेतो. त्या सही करतात."

"त्या?"

"म्हाताऱ्या आहेत. विचारतात, जेवलास का."

"आणि मग?"

"जेवलेला नसलो तर जेवतो."

ताई उडी मारून खाली उतरली. मौनीने तिच्याकडे बघितलंही नाही. त्याचं पुढच्या वर्षापर्यंतचं बोलणं संपलं होतं.

भाऊजी आपल्या टेबलाशी कपाळ टेकवून बसला होता. ताईने त्याला हलवलं.

"ऐक. सरावाचं दुकान केलं तेव्हा त्या टायवाल्याने वहिनीला पत्ता काय दिला असेल?"

"काहीही."

"काहीही चालतं?"

"चालत नाही," भाऊजी उठून बसला. "वहिनी पत्त्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. आणि खोटा पत्ता तिला कळतो, नकाशात शोधते ती. घाईत असलेला माणूस काय करतो, तर आधीच भरलेल्यातला एक उचलून चिकटवतो. मी पण तेच करतो."

"त्या दिवशी आधीच भरलेलं काय होतं?"

"काहीच नाही. दुकानं नंतर चढवली, मीच चढवली. माणसंही नंतर. वहिनी कोरी होती. अशी नवी प्रणाली बसवतात ना, तेव्हा सगळ्यांत आधी फक्त..."

तो थांबला. मग त्याने हळूच दोन्ही हात तोंडावर ठेवले.

सहा

दुपारी सगळे पुन्हा गोदामात जमले. कुणी आडवं झालं नाही. मामा दारापाशी उभे होते, पायाशी कपड्यांची पिशवी. साहेब फोन हातात धरून उभे होते, अंगठा पोलिसांच्या नंबरावर.

"मिळाल्या गाद्या?"

"सांगते," ताई म्हणाली. "आधी विक्री. आठवं दुकान सरावाचं होतं. पावतीकाकू रोज एक विक्री सराव म्हणून करायच्या. शिकवणाऱ्यानेच सांगितलं होतं तसं. जाताना दुकान पुसायचं मात्र तो विसरला."

काकू उभ्या राहिल्या. "गिऱ्हाईकं चांगली होती साहेब," एवढंच म्हणाल्या आणि बसल्या.

"वहिनीला वाटलं, माल संपला. तिने नवीन मागवला. मामांनी दिला, कारण वहिनी सांगेल ते भरायचं असा तुमचाच हुकूम. मौनीने पोचवला, कारण ठिपका होता. चोर कुणीच नाही. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं, म्हणून तर एवढा घोटाळा झाला."

"पोचवला कुठे?" साहेब करवादले.

"मौनी नाव सांगत नाही. पण तिथे तो चपला काढतो. आपल्या सात दुकानांत कुणी चपला काढत नाही, म्हणजे ते दुकान नव्हे, घर. तिथे त्याला जेवलास का विचारतात. म्हणजे घरात कुणाची तरी आई आहे. मामांना पोलीस नेणार हे माहीत असून तो तोंड उघडत नाही, म्हणतो खाल्ल्या मिठाला जागतो. मिठाला जागायचं ते ज्याच्याकडे नोकरी करतो त्याच्या. त्याला वाटत होतं, मालक आपलाच माल गुपचूप घरी नेतायत, आपण कशाला बोला."

मौनी फडकं शोधायला लागला.

"आणि वहिनीला पत्त्याशिवाय दुकान उघडता येत नाही," ताई पुढे म्हणाली. "शिकवणीच्या दिवशी तिला जगात एकच पत्ता ठाऊक होता. नव्या प्रणालीत सगळ्यांत आधी कोण नोंदवतात, भाऊजी?"

"मालक," भाऊजी पुटपुटला. "नाव, फोन आणि घरचा पत्ता."

सगळ्या माना साहेबांकडे वळल्या. साहेब संतापाने लाल झाले.

"माझ्या घरी? गाडीभर गाद्या माझ्या घरी असत्या तर मला दिसल्या नसत्या? आंधळा आहे मी?"

"रोज घरी गेल्यावर काय करता, साहेब?"

"वहिनीत बघतो. विक्री, साठा. जेवताना बघतो. मग बघत बघत झोपायला जातो."

"पलंगावर कसे चढता?"

"कसे म्हणजे? शिडीने."

गोदाम गार पडलं.

साहेबांनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. "सगळ्यांनाच लागते ना?" त्यांनी विचारलं.

सात

साहेबांच्या झोपायच्या खोलीत पलंग नव्हताच असं नाही; तो सगळ्यांत खाली होता. त्याच्यावर पाठराखीण, पाठराखिणीवर पाठराखीण, अशी एक पांढरी शुभ्र चवड थेट वर गेली होती, आणि तिच्या टोकाला, छताच्या अगदी खाली, साहेबांची उशी होती. खिडकीतून वारा आला की चवड किंचित डुलायची. छत होतं तिथेच होतं.

मोठ्या आई, म्हणजे साहेबांच्या आई, शिडीला हात लावून उभ्या होत्या. एवढी माणसं चपला काढून घरात शिरलेली बघून त्यांनी आधी सगळ्यांना जेवलात का विचारलं. मग मुलाकडे वळल्या.

"मला काय कळणार? दर आठवड्याला तुझी गाडी यायची, नव्या कोऱ्या गाद्या घेऊन. घरात तू बोलत नाहीस. मान वर करत नाहीस. मला वाटलं, तोंडाने बोलता येत नाही म्हणून गाद्या पाठवतोय बिचारा. मग मीही घातल्या तुझ्याच पाठीखाली. जो राबतो त्याच्या पाठीला."

"आधी स्टूल होतं," साहेब चवडीकडे बघत पुटपुटले. "मग शिडी आली. हळूहळू आली गं. कळलंच नाही."

"मी रोज खाली धरायचे शिडी," मोठ्या आई म्हणाल्या. "तू वर जाईपर्यंत."

साहेबांनी फोन खिशात घातला, आणि मग ताईकडे वळून, जरा आवाज चढवून म्हणाले, "ठीक आहे. माल सापडला. प्रश्न मिटला. उद्या वहिनीवरून सगळ्यांना संदेश टाकू, की गैरसमज..."

"चोर तुम्ही तोंडाने म्हणालात," ताई म्हणाली. "सगळ्यांदेखत."

"अगं, पण..."

"कुणाला चोर म्हणालास?" मोठ्या आईंनी विचारलं.

त्यांनी एकेका चेहऱ्याकडे बघितलं, आणि मामांच्या हातातल्या कपड्यांच्या पिशवीपाशी त्यांची नजर थांबली.

मामांना या बोलण्यात रस नव्हता. त्यांनी पिशवी भिंतीशी ठेवली, बाह्या सरसावल्या आणि चवडीभोवती एक फेरी मारली. "वरची आधी काढायला हवी," ते स्वतःशीच म्हणाले. "खालून ओढली तर सगळं अंगावर येईल. कोपरे चेमटलेत का बघतो." आणि ते शिडी चढून गेले. वरून त्यांचा आवाज आला, "ही चांगली आहे." मग, "शिवण ठीक." मग ते पलीकडचा कोपरा बघायला चवडीवर आडवे सरकले, आणि त्यांचे तळवे तेवढे खालून दिसायला लागले.

खालच्यांनी वाट बघितली. तळवे हलेनात.

"मामा?" ताईने हाक मारली.

वरून एक लांब, संथ, सुखाचं घोरणं आलं. काल सकाळपासून त्या माणसाने पापणी मिटली नव्हती.

साहेबांनी घसा खाकरला. "मामा, मी काय म्हणतो..."

"उठवू नकोस," मोठ्या आई म्हणाल्या.

"अगं आई, मला त्याची माफी मागायचीय ना!"

"माग की. त्याची झोप झाली की माग. सगळे थांबतील."

सगळे थांबले. काकू दाराच्या उंबऱ्यावर टेकल्या. भाऊजी जमिनीवर बसला. मौनीने मोठ्या आईंकडे बघून नाही अशी मान हलवली, म्हणजे तो जेवलेला नव्हता. पडद्यातून दुपार आत येत होती, आणि चवड श्वास घेतल्यासारखी हळूच वरखाली होत होती.

साहेब अनवाणी, हात बांधून, वर बघत शिडीपाशी उभे होते. त्यांचा दुखरा घोटा थरथरत होता. मोठ्या आईंनी कोपऱ्यातलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

साहेब बसले नाहीत.